बागवान गायकाची शेवटची गाणी

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून होतो, तरी माणसे लगेच घराकडे वळत नाहीत. देवळाच्या पायरीवर, पारावर दोन-चार टोळकी बसतातच. बुवांचा आवाज कसा लागला, मृदंग कुठे घसरला, हे बोलून झाले की मूळ मुद्दा निघतो. बुवा बोलले ते अनुभवाचे की पाठ केलेले? बिदागी मोजून घेणाऱ्याने वैराग्यावर बोलावे का? तुम्ही ही चर्चा ऐकली असेल, कदाचित स्वतः केलीही असेल. माझी निम्मी नोकरी खेड्यांतल्या मुक्कामांत गेली. खरे सांगायचे तर पुष्कळदा कीर्तनापेक्षा नंतरची ही चर्चाच मला जास्त आवडली.

आज तुम्हाला अशाच एका चर्चेची हकिगत सांगायची आहे. फरक एवढाच की बुवा आपल्याकडचे नव्हते. गिटार वाजवणारा तो इंग्लंडातला गोरा माणूस होता, आणि त्याच्या शेवटच्या गाण्यांवरून हुज्जत घालणारे आम्ही तिघे, शेतकी कॉलेजातले जुने दोस्त. आता तुम्ही म्हणाल, खताबियाण्याचे लिहायचे सोडून साहेबांनी हे काय आरंभले? जरा दम धरा. या माणसाची ओळख मला गायक म्हणून झाली, पण मनात तो राहिला तो माळी म्हणून. आणि वादही झाला तो एका डाळिंबाच्या बागेच्या बांधावर, दुष्काळात.

त्याचे नाव जॉर्ज हॅरिसन. जन्म २५ फेब्रुवारी १९४३, गाव लिव्हरपूल, बाप बसवर कंडक्टर. 'बीटल्स' नावाचा चार पोरांचा संच होता, त्यातला हा वयाने सर्वांत धाकटा. या चौघांनी १९६० नंतरच्या दहा वर्षांत सगळ्या जगाला वेड लावले. तुमच्या घरात कुणी शहरात शिकायला असेल तर त्याला विचारा, नाव ऐकलेले असणार.

पैसा, नाव, गाड्या, सगळे पंचविशीच्या आत मिळाले आणि या पोराला प्रश्न पडला, की आता पुढे काय? त्या सुमारास सतार त्याच्या कानांवर पडली. १९६६ च्या सप्टेंबरात तो पंडित रविशंकरांकडे शिकायला म्हणून मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटली, खिडकीखाली गर्दी जमली, शेवटी गुरुशिष्यांना उठून काश्मीर गाठावे लागले. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईला आला. या वेळी एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने एका इंग्रजी चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. शिवकुमार शर्मांचे संतूर, आशिष खाँचा सरोद, शिवाय त्याच मुक्कामात केलेल्या एका गाण्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी. म्हणजे या परक्या माणसाच्या गाण्यांना थोडे आपल्या मातीचे पाणी पाजलेले आहे.

सतार काही त्याला पुरती साधली नाही. ती जन्मभराची विद्या आहे हे त्याने ओळखले आणि पुन्हा गिटार हाती घेतली. पण सतारीबरोबर जे आले होते ते गेले नाही. जप आला, गीता आली, ऋषिकेशचा मुक्काम झाला. १९७० मध्ये बीटल्स फुटले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याने तीन तबकड्यांचा एकट्याचा मोठा संच काढला. नावाचा अर्थ असा, की सारे काही सरून जाणार. त्यातल्या एका गाण्यात मागचे गायक आधी ख्रिस्ती प्रार्थनेतला 'हालेलुया' गातात आणि मग ऐकणाऱ्याला न कळू देता 'हरे कृष्ण'वर येतात. हे गाणे जगभर वाजले. त्यावर चाल चोरल्याचा खटलाही झाला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की जुन्या एका गाण्याची चाल नकळत का होईना, पण उचलली गेली आहे. (आपल्या भजनी मंडळांवर असे खटले भरायचे ठरवले तर तालुक्याचे कोर्ट पुरायचे नाही. सिनेमाची चाल विठोबाला घालायला आपण कुणाला विचारतो?)

त्याच्या चाहत्यांत फूट पडली ती इथपासून. काहींना वाटले, या गाण्यांनी आपल्याला तारले. काहींना वाटले, नाचायला आलो होतो, हा प्रवचन कसले देतोय? १९७३ साली त्याने पुढची तबकडी काढली तेव्हा तर ही तक्रार उघड झाली. त्या पाकिटात कृष्णार्जुनाच्या रथाचे चित्र होते आणि गाण्यांतून पुन्हा पुन्हा हेच, की या जड जगात अडकून पडू नका. १९७४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याचा घसा बसलेला होता आणि तशात तो रविशंकरांना आणि त्यांच्या साथीदारांना मोठा वेळ देऊ लागला. लोक वैतागले, वर्तमानपत्रांनी झोडपले.

आपल्याकडे १९७१ मध्ये देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' आला. गळ्यात माळा घातलेले, चिलीम ओढणारे गोरे पोर-पोरी म्हणजे देवाचे नाव घेणारे परदेशी, हे चित्र त्या चित्रपटाने आपल्या डोक्यात पक्के बसवले. माझ्याही डोक्यात तेच होते. राहुरीच्या वसतिगृहात आमच्या खोलीत मुंबईचा एक पोरगा होता, त्याच्यापाशी हॅरिसनच्या कॅसेटी होत्या. रात्री मृदाशास्त्राची वही पुढे आणि कानाशी ही गाणी. आमचा तिसरा जोडीदार माणदेशातला. तो म्हणायचा, "बंद कर रे ते, आमच्या आबाच्या काकड्याला ह्यापेक्षा जास्त दम असतो." ते दिवस गेले. मुंबईकर बँकेत लागला, मी खात्यात आलो, माणदेशी गडी घरची शेती बघायला परत गेला आणि त्याने दोन एकरांत गणेश जातीच्या डाळिंबाची सहाशे झाडे लावली.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने वारला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याआधी दोन वर्षे, १९९९ च्या डिसेंबरात, एक माथेफिरू त्याच्या घरात घुसला होता आणि त्याला चाकूने भोसकले होते. त्यातून तो वाचला, पण दुखण्यातून वाचला नाही. बरीच वर्षे त्याने जमेल तशी गाणी रचून ठेवली होती, ती अर्धवट राहिली. मुलाला आणि जेफ लिन नावाच्या गायक मित्राला काय कसे करायचे ते सांगून ठेवले होते. त्या दोघांनी ती पुरी केली आणि २००२ च्या नोव्हेंबरात 'ब्रेनवॉश्ड' या नावाने ती तबकडी बाहेर पडली. मेंदू धुऊन काढलेला, असा त्या नावाचा अर्थ.

मुलाचे नाव सांगायचे राहिले. बापाने त्याचे नाव ठेवले धनी. आपल्याकडे धनी म्हणजे मालक, किंवा बायकांच्या बोलण्यात घरधनी. त्याने मात्र सरगमीतला 'ध' आणि 'नी' जोडून हे नाव केले होते. लिव्हरपूलच्या कंडक्टरच्या नातवाचे नाव सहाव्या आणि सातव्या सुरावरून! मला याचे अजून नवल वाटते.

आता त्या चर्चेकडे येतो. २००३ चा उन्हाळा. माणदेशातल्या वाचकांना ते वर्ष सांगायला नको. आधीचा पावसाळा कोरडा गेलेला, विहिरींनी तळ दाखवलेला, जनावरे छावणीवर. मुंबईकर मित्र चार दिवसांच्या रजेवर जुनी गाडी घेऊन आला, मला वाटेत उचलले आणि आम्ही माणदेशी मित्राच्या वस्तीवर गेलो. गाडीत ही नवी सीडी होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बागेच्या बांधाला गाडी लावली, चारी दारे उघडी टाकली आणि त्याने ती सुरू केली. बाग बघवत नव्हती. पाने वळलेली, कुठे कुठे शेंडे वाळलेले. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे धरली होती आणि टँकरवाल्याची उधारी भलतीच वाढली होती.

मुंबईकराने एकेक गाणे समजावून सांगायला सुरुवात केली. अगदी कीर्तनात बुवा ओवी सोडवून सांगतात तसे. पहिले गाणे वाटसराचे. जायचे कुठे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कोणती वाट चुकीची म्हणायची? पुढे एका गाण्यात तो नदीवर वल्ही मारणारे लोक आणि काठावरचे पक्षी बघतो, आणि आपली रास मीन, म्हणून स्वतःला मासा म्हणवून घेतो. एका तुकड्याला शब्दच नाहीत, नुसती गिटार, आणि नाव मारव्याचे. मारवा म्हणजे आपला मावळतीचा राग. तो लागला तेव्हा खरोखरच दिवस बुडत होता. (या तुकड्याला पुढे २००४ मध्ये अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.)

मुंबईकराचे म्हणणे असे, की हा माणूस मरणाच्या दाराशी उभा आहे, पण आवाजात रड नाही. चेष्टा आहे, हलके-फुलके ठेके आहेत, चार तारांचे ते लहानसे उकुलेले वाद्य आहे. तीस वर्षे जप केल्याशिवाय हे येत नाही. तरुणपणी तो दुसऱ्यांना सांगत होता, आता स्वतःशी बोलतोय. म्हणून ही तबकडी सगळ्यांत खरी.

माणदेशी मित्र गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "याचा बंगला केवढा होता?"

मुंबईकर म्हणाला, "मोठा होता. वाडाच म्हण. टेम्स नदीवर हेन्ली म्हणून गाव आहे, तिथे."

"गाड्या?"

"गाड्यांचा तर शौकच. मोटारींच्या शर्यती बघायला जगभर जायचा."

"आणि कर फार घेतात म्हणून यानंच गाणं लिहिलं होतं ना? वसतिगृहात तूच सांगितलं होतंस." हे खरे होते. १९६६ चे ते गाणे करवसुली करणाऱ्यावरच आहे. "मग ऐक. माझ्या विहिरीत पाणी नाही. सहाशे झाडं वाळायला लागलीत. सगळं जाणार हे मला सीडी लावून सांगायला नको, मी ते रोज सकाळी उठून बघतोय. ज्याचं काही जात नाही त्याला ही गाणी सुचतात."

वाचकहो, याला उत्तर काय द्यावे? मी कामावर कित्येकदा नुकसानीचे पंचनामे करत हिंडलो आहे. गारपिटीने झोपलेल्या पिकात उभ्या असलेल्या बाईला "सगळी देवाची इच्छा" म्हणणारे पुढारी मी पाहिले आहेत आणि त्या वेळी माझ्या जिवाचा संताप झालेला आहे. ज्याचे जळते त्याला माया-मिथ्याचा पाठ देणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यामुळे मित्राचे बोलणे मला लागले आणि पटलेही. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, "आणि खरं सांगू? याचं ऐकायचंच तर उद्यापासून टँकर बंद. सगळं जाणारच आहे, मग मी झाडांपायी कर्जात का बुडू?" हे तो चिडून बोलला की ठरवून, ते मला त्या वेळी कळेना. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात शेवटचे गाणे लागले. तेच नाव असलेले, ब्रेनवॉश्ड. मला ते गाणे म्हणून फारसे आवडत नाही, हे मी मुंबईकराला तेव्हाही सांगितले. लहानपणापासून कोण कोण आपल्या डोक्यात काय काय भरते याची त्यात लांबलचक यादी आहे. मास्तर, पुढारी, संगणक, मोबाइल. भजनापेक्षा ती कागाळीच वाटते. मध्येच तो देवाला हाका मारतो, मध्येच पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या एका इंग्रजी पुस्तकातला उतारा कुणी बाई वाचून दाखवते. खिचडी आहे. पण हे सगळे संपते, वाद्ये थांबतात आणि बाप-लेक मिळून पार्वतीपतीचा, महादेवाचा गजर सुरू करतात. आपल्याकडे आरतीनंतर, कीर्तनाच्या शेवटी, पालखी उचलताना होतो तोच गजर.

मित्राचे वडील पडवीत बाजेवर पडले होते. गळ्यात तुळशीची माळ, सत्तरी ओलांडलेली, आषाढी कधी चुकवलेली नाही. इतका वेळ इंग्रजी गाण्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. गजर ऐकला तसे उठून बसले, हात जोडले आणि बांधापर्यंत चालत आले.

"ह्यो कोन म्हनायचा रं?"

मी म्हणालो, "आबा, इंग्लंडातला माणूस आहे. वारला, दीड वर्ष झालं. बरोबरचा आवाज त्याच्या मुलाचा."

"बापलेक एकत्र म्हनत्यात व्हय." आबा थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. "काय करायचा?"

मुंबईकर "गायचा" म्हणणार होता, पण बहुधा माणूस पाहून त्याने वेगळे सांगितले. "आबा, त्याला बागेचं वेड होतं. त्यानं स्वतःबद्दल पुस्तक लिहिलं ते सगळीकडच्या माळ्यांना अर्पण केलंय."

हेही खरे आहे. १९८० मधल्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका जगभरच्या बागकाम करणाऱ्यांच्या नावाने आहे. आबांना हे एकदम जवळचे वाटले असावे. म्हणाले, "म्हंजी आपल्या सावतोबासारखा." अरणचे सावता महाराज सोलापूर जिल्ह्यातलेच. मळा सोडून पंढरीला न जाता ज्यांच्या मळ्यात पांडुरंग स्वतः आला, अशी कथा आपण सगळे ऐकत आलो. गोऱ्या गायकाला आबांनी अर्ध्या मिनिटात सावतोबांच्या पंगतीला बसवले. आमच्या वादाला दोन तास लागले होते आणि निकाल लागला नव्हता.

मग त्यांना मुलाचे टँकर बंद करण्याचे बोलणे कळले. सून म्हणाली असेल, मला आठवत नाही. आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "झाड जानार हाय म्हनून त्याला आज तहान लागत न्हाई व्हय?" आणि परत बाजेवर जाऊन पडले.

रात्री उशिरापर्यंत आम्ही बोलत बसलो, पण गाण्यांवर नव्हे. सहाशे झाडांना पुरेल एवढे पाणी कुठूनच येणार नव्हते, हे मी मित्राला कागदावर मांडून दाखवले. विहिरीच्या अंगाची साडेतीनशे झाडे धरायची, बाकीची देवावर सोडायची. यंदा बहार धरायचा नाही. कळी, फूल, फळ जे असेल ते काढून टाकायचे, म्हणजे झाडावरचा भार उतरेल. वाळके शेंडे छाटायचे. आळ्यात उसाचे पाचट नाहीतर वाळके गवत जाडजूड अंथरायचे. झाडाशी मडके पुरून त्याच्या बुडाच्या छिद्रात कापडाची वात घालायची आणि पाणी आळ्यात न ओतता मडक्यात भरायचे. पानांतून उडून जाणारे पाणी रोखायला केओलिनची आठ टक्क्यांची फवारणी. यांतले काही तुम्हीही दुष्काळात केले असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतला साहेब पँट दुमडून मडक्यांना भोके पाडत होता. त्याने तीन फोडली.

मित्राचे मत काही पालटले नाही. निघताना तो मुंबईकराला म्हणाला, "तुझा बुवा गातो बरा, पण त्याच्या बंगल्याचं मला अजून पटत नाही."

या बंगल्याचे पुढे मी बरेच वाचले. हॅरिसनने तो १९७० मध्ये घेतला तेव्हा भोवतालचे मोठे उद्यान माजून रान झाले होते. पूर्वीच्या हौशी मालकाने तिथे दगडांचा डोंगर रचून पहाडी झाडे लावली होती, तीही तणात बुडालेली. ते सगळे त्याने वर्षानुवर्षे साफ केले, नवी झाडे लावली. माणसे कामाला होती, पण तो स्वतः मातीत उतरायचा. २०११ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने त्याच्यावर मोठा माहितीपट केला. त्यात मुलगा धनी सांगतो, की लहानपणी आपले वडील माळी आहेत अशीच त्याची समजूत होती. वडील गाणारे आहेत हे त्याला शाळेत गेल्यावर कळले. आणि एक गोष्ट, जी कुठल्याही बागाईतदाराला हसवील. हॅरिसन रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बागेत असायचा. चांदण्यात झाडांचे आकार तेवढे दिसतात, उणिवा दिसत नाहीत, म्हणून! दिवसा बागेत गेले की नजर आधी तणावर जाते, हे दुखणे तुमचे-आमचेही आहेच.

त्याला संत ठरवण्याचा माझा विचार नाही. व्यसनांचे दिवसही त्याने पाहिले, संसार एकदा मोडला. पण बिदागीचा हिशेब करायचाच तर तोही पुरा करावा. १९७१ च्या १ ऑगस्टला, बांगलादेशचे लाखो निर्वासित आपल्या देशात आले असताना, रविशंकरांच्या शब्दाखातर त्याने न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात दोन मोठे कार्यक्रम केले आणि सुमारे अडीच लाख डॉलर मुलांच्या मदतीसाठी उभे केले. १९७३ मध्ये लंडनजवळची एक मोठी वास्तू आणि जमीन विकत घेऊन त्याने कृष्णभक्तांना देऊन टाकली. भक्तिवेदान्त मॅनॉर असे तिचे नाव. आज तिथे देऊळ आहे, गोशाळा आहे, आणि मला विशेष वाटते ते हे, की तिथे बैल कामाला जुंपतात. आपल्याकडे बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला आणि तिकडे इंग्लंडात बैल चालतो! १९९७ मध्ये रविशंकरांनी वैदिक मंत्रांची तबकडी केली, तिच्या मागेही हॅरिसनच होता आणि तिचे काही काम त्याच्या या घरीच झाले.

म्हणून माझे मत मुंबईकराच्या बाजूला थोडे झुकते, पण त्याच्या कारणांनी नव्हे. शेवटच्या गाण्यांत आवाज शांत आहे म्हणून ती खरी, असे मला वाटत नाही. आवाज शांत करणे कुठल्याही चांगल्या गायकाला जमते. सारे सरून जाणार असे सत्ताविसाव्या वर्षी गाणारा माणूस पुढची तीस वर्षे तण उपटत राहिला, आपल्या हयातीत पुरती वाढणार नाहीत अशी झाडे लावत राहिला, ही गोष्ट मला जास्त वजनाची वाटते. अर्थात माझा धंदाच असला, मी दुसरे काय बघणार? मुंबईकर मला म्हणतो, "तू माणसाच्या गाण्याचा सात-बारा काढतोस." म्हणो बापडा.

माणदेशी मित्राची साडेतीनशेतली तीनशे दहा झाडे जगली. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याने बहार धरला आणि टँकरची उधारी दोन हंगामांत फिटली. पुढे तेल्या आला. पाच-सहा वर्षे त्याने फवारण्या करून पाहिल्या, शेवटी बाग काढावी लागली. आता तिथे सीताफळ आहे, ते पाण्याला जरा सोशिक. आबा २००९ च्या कार्तिकात गेले. मुंबईकर सेवानिवृत्तीला आला आहे आणि मधूनमधून वस्तीवर येतो. गाडी नवी आहे आणि सीडी कुणी वापरत नाही. गाणी आता मोबाइलवर असतात. मित्र ती ऐकतो का, हे मी कधी विचारले नाही. मागल्या माघात गेलो होतो तेव्हा तो संध्याकाळी मोटर बंद करायला बागेत गेला होता. खिशातल्या मोबाइलवर मारव्याची ती नुसती गिटार लागली होती आणि तो वाकून आळ्यातली हरळी उपटत होता.